पेपर वाचताना मधेच फुल स्क्रीन व्हायरसची वॉर्निंग येते, काय करावं?

कऱ्हाडकर_९१
मंडळी नमस्कार, जरा मदत हवीये. बाबांचा लॅपटॉप आहे, विंडोज १० वाला, त्यावर ते सकाळी पेपर वाचतात, दुपारी राशिभविष्य आणि मॅच असली की स्कोअर, बाकी डाउनलोड वगैरे भानगडीत ते पडत नाहीत. हल्ली काय होतंय की एका चांगल्या नावाजलेल्या पेपरच्या साइटवर बातमी उघडून खाली वाचत गेलं की अचानक अख्खी स्क्रीन लाल, वर मायक्रोसॉफ्टचा लोगो, ट्रोजन (म्हणजे व्हायरससारखाच घातक प्रोग्राम) सापडलाय, कॉम्प्युटर बंद करू नका, बँकेचे पासवर्ड चोरीला जातायत, अमुक नंबरवर फोन करा, आणि वर एक बाई इंग्लिशमधून मोठ्ठ्या आवाजात तेच तेच बोलत बसते. बाबा घाबरून थेट प्लग काढतात. मी बघितलं तेव्हा त्यात आमचा आयपी ॲड्रेस आणि शहर म्हणून पुणे असं लिहिलेलं (आम्ही कऱ्हाडचे), हे त्यांना कसं कळलं??
दुसरं म्हणजे उजव्या कोपऱ्यात खाली सारखे छोटे बॉक्स येतात, तुमचा अँटिव्हायरस संपला, पाच व्हायरस सापडले, रिन्यू करा. ते तर पेपर उघडलेला नसला तरी येतात. अँटिव्हायरस विकतचा आहे, मुदत शिल्लक आहे, फुल स्कॅन मारला तर सगळं ठीक म्हणतो. दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल, १५०० रुपये. पेपरची साइटच हॅक झालीये का? की असा व्हायरस आहे जो अँटिव्हायरसला दिसत नाही? नेट बँकिंग त्यावरच आहे म्हणून टेन्शन.

बिनधास्त_बंड्या
फॉरमॅट मार आणि लिनक्स टाक. विषय संपला.

नाशिकचा_रिपेरवाला
बंड्याचं मनावर घेऊ नका. फॉरमॅटची काही गरज नाही, आणि हे मी दुकान चालवणारा माणूस सांगतोय म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय.
वॉर्निंग आली की आधी बघायचं बोलतंय कोण. वेबपेज, ब्राउझर, की तुमचा अँटिव्हायरस. तुमची ती लाल स्क्रीन म्हणजे निव्वळ एक वेबपेज आहे, चार चित्रं आणि एक ऑडिओ फाइल. वेबपेजला तुमची हार्डडिस्क वाचताच येत नाही, ब्राउझर त्याला तेवढी मोकळीक देतच नाही, मग स्कॅन करून ट्रोजन कुठून शोधणार ते. आयपी ॲड्रेस, म्हणजे तुमच्या नेट कनेक्शनचा पत्ता, तर तुम्ही उघडता त्या प्रत्येक साइटकडे जातो, नाहीतर पान तुमच्यापर्यंत येईल कसं, आणि त्यावरून शहराचा नुसता अंदाज बांधतात. तो बऱ्याचदा नेटवाल्याच्या सर्व्हरवर जाऊन पडतो म्हणून कऱ्हाडचं पुणं झालं. खरंच लॅपटॉपमध्ये शिरले असते तर एवढं तरी बरोबर आलं असतं ना!
आणि फोन नंबर ही तर पक्की खूण. मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगून ठेवलंय की आमच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो.
बाहेर कसं पडायचं तर एस्केप बटण दाबून धरायचं, टिचकी नाही, दोनेक सेकंद धरून ठेवायचं. फुल स्क्रीन गेली की वरची ॲड्रेसपट्टी दिसते, तिथे बघा काहीतरी भलताच पत्ता असतो, मायक्रोसॉफ्टचा नाही आणि पेपरचाही नाही. टॅब बंद करायचा. नाहीच झाला तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, टास्क मॅनेजर येतो, त्यात क्रोम निवडून एंड टास्क. नंतर क्रोम उघडल्यावर आधीची पानं परत उघडू का असं विचारेल, त्याला नाही म्हणायचं नाहीतर बाई परत चालू. माउसचा बाण गायब झाला तरी घाबरायचं नाही, पानाला तो लपवता येतो, तेवढीच त्याची हुशारी.
अवांतर, प्लग काढल्यावर लॅपटॉप लगेच बंद पडत असेल तर बॅटरी संपलीये. १५०० त्यात घाला.

कोथरूडची_जाई
रिपेरवाल्यांना +१. पेपरची साइट हॅक झालेली असणं अवघड वाटतं, बहुतेक जाहिरातीतून आलंय. मी काही वर्षं एका न्यूज पोर्टलच्या जाहिरात विभागात होते म्हणून आतली गंमत सांगते.
पानावरच्या बऱ्याचशा जाहिराती पेपरवाले स्वतः लावतच नाहीत. तुम्ही बातमी उघडली की त्या क्षणी त्या रिकाम्या चौकोनाचा लिलाव होतो, सेकंदाच्या आत, मशीनं मशीनांशी बोली लावतात आणि जो जिंकेल त्याची जाहिरात तिसऱ्याच सर्व्हरवरून थेट तुमच्या ब्राउझरमध्ये. संपादक सोडा, जाहिरात विभागालासुद्धा ती आधी दिसत नाही. पेपर टाकणारा पोरगा घडीत पत्रकं सरकवतो ना, क्लासची, मूळव्याधीच्या डॉक्टरची, तसंच आहे हे, फक्त इथे प्रत्येक घराला वेगळं पत्रक. आणि पत्रक नुसता कागद असतो, ही जाहिरात म्हणजे कोड असतो, तो अख्खं पान दुसरीकडे वळवू शकतो.
हे मोठमोठ्यांना झालंय. २००९ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क टाइम्सच्या साइटवर अगदी असलाच खोटा अँटिव्हायरस दिसायला लागला होता. कोणीतरी व्हॉनेज या इंटरनेट फोन कंपनीच्या नावाने जाहिरातीची जागा घेतली, आधी साध्या जाहिराती दाखवल्या, आणि शनिवार-रविवार गाठून त्या जागी व्हायरसची वॉर्निंग टाकली. सुट्टीचा दिवस का, तर ऑफिसात माणसं कमी. मग २०१६ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसी, एओएल, एनएफएल अशा बऱ्याच साइटवर एकदमच झालं आणि ते जास्त वाईट होतं, कारण त्या जाहिराती अँगलर नावाच्या किटकडे, म्हणजे घुसखोरीच्या तयार सॉफ्टवेअरकडे न्यायच्या आणि ते किट ब्राउझरला जोडलेल्या जुन्या प्लगइनमधल्या त्रुटीतून शिरायचं, कुठे क्लिकसुद्धा करायला नको. म्हणून ब्राउझरचं अपडेट कधी टाळू नका, तुमच्या केसमध्ये ते नसलं तरी.
तक्रार केली की साइटवाले म्हणतात आम्हाला तर काही दिसत नाही, आणि ते खोटं बोलत नसतात. या टोळ्या तपासणाऱ्याच्या आयपीला साबणाची साधी जाहिरात दाखवतात. एका आयपीला एकदाच, ठरावीक शहरात, ठरावीक वेळेला, असं सगळं लावून ठेवलेलं असतं. त्यामुळे मेल करताना नुसतं 'व्हायरस येतोय' लिहून उपयोग नाही. तारीख, वेळ, कुठली बातमी, स्क्रीनचा फोटो आणि मुख्य म्हणजे त्या लाल पानाचा अख्खा पत्ता पाठवा, त्यावरून कुठल्या नेटवर्ककडून जाहिरात आली ते शोधता येतं. आम्हाला असा व्यवस्थित मेल आला की अर्ध्या दिवसात तो खरेदीदार ब्लॉक व्हायचा.
एक विचारायचं राहिलं, बाबा पेपर उघडतात कसा? गूगलवर नाव टाकून पहिल्या लिंकवर टिचकी मारत असतील तर वरची लिंक प्रायोजित म्हणजे पैसे देऊन लावलेली असू शकते, त्यातूनही लोक अशा पानांवर जातात. बुकमार्क करून द्या.

दुपारची_झोप
कोपऱ्यातले बॉक्स हे वेगळं प्रकरण आहे, ती जाहिरात नाही, ती नोटिफिकेशन आहे. कुठल्यातरी स्कोअरच्या नाहीतर फुकट पिक्चरच्या साइटवर "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा" असं येतं, एकदा ते दाबलं की त्या साइटला कायमचा परवाना, मग ती विंडोजच्या कोपऱ्यातून अँटिव्हायरसच्या नावाने बोंबलत राहते. लोगो हुबेहूब असतो पण बारीक अक्षरात साइटचं नाव लिहिलेलं असतं बघा, तिथे कळतं.
क्रोममध्ये सेटिंग्ज, मग गोपनीयता आणि सुरक्षा, मग साइट सेटिंग्ज, मग सूचना. परवानगी दिलेल्यांची यादी दिसेल, ओळखीचं नसेल ते सगळं काढून टाका. वरच "साइटना सूचना पाठवण्याची परवानगी नाही" असा पर्याय आहे तोच कायमचा लावून ठेवा, राशिभविष्य वाचायला नोटिफिकेशन लागत नाही. आणि सिस्टमच्या सेटिंगमध्ये क्रोम बंद झाल्यावरही बॅकग्राउंडला चालू ठेवा असं एक बटण असतं ते बंद करा, खिडकी बंद असताना बॉक्स येतात ते त्यामुळे.
अँटिव्हायरसला काही सापडत नाही कारण सापडायला काही नाहीच्चे, परवानगी देणं हा काही व्हायरस नाही.

जर्सीकर
इकडे अमेरिकेत माझ्या मावशीच्या सोसायटीत एका आजोबांनी तो नंबर खरंच फिरवला होता म्हणून पुढचं माहितीये. समोरचा अतिशय गोड बोलतो. आधी एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) किंवा तसलं काहीतरी टाकायला लावतात, मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे कॉम्प्युटरची नोंदवही, उघडून त्यातली लाल-पिवळी चिन्हं दाखवतात, बघा किती व्हायरस. आता ती चिन्हं जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर असतात, आत्ता तुमच्यावर उघडून बघा, शेकड्याने दिसतील, प्रिंटर सापडला नाही तरी तिथे नोंद होते. मग काळ्या खिडकीत नेटस्टॅट (चालू नेट कनेक्शनांची यादी दाखवणारी कमांड) चालवून "फॉरेन ॲड्रेस" असा मथळा दाखवतात आणि म्हणतात परदेशातून कोणीतरी घुसलंय. तो मथळा तिथे कायमच असतो, त्याचा अर्थ फक्त पलीकडचं टोक. मग पैसे, तेही गिफ्ट कार्डने.
लाज वाटायची गोष्ट म्हणजे फोन उचलणारे पुष्कळदा आपल्याकडचेच. २०२२ च्या ऑक्टोबरात सीबीआयने ऑपरेशन चक्र केलं तेव्हा पुण्यात आणि अहमदाबादेत अमेरिकन लोकांना गंडवणारी कॉल सेंटरं सापडली होती. पुढच्या वर्षी परत धाडी पडल्या, त्यात तर मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्याच तक्रारी होत्या. आता तेच भारतातल्या लोकांना पण करतात. एनीडेस्कबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं.
बाबांनी फोन केला नसेल ना? केला असेल, काही इन्स्टॉल झालं असेल तर मात्र लगेच नेट बंद, दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदलायचे, बँकेला कळवायचं, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तिथल्या तिथे फोन. उद्या करू म्हणायचं नाही, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतात.

बिनधास्त_बंड्या
मग सगळ्या वॉर्निंग खोट्याच म्हणा की.

नाशिकचा_रिपेरवाला
नाही हो, इथेच लोक उलटं करतात. क्रोम किंवा फायरफॉक्स स्वतः लाल पान दाखवतो, पुढची साइट धोकादायक आहे म्हणून, ते खरं असतं. त्यात बाई ओरडत नाही, फोन नंबर नसतो आणि मोठं बटण "मागे जा" हेच असतं. ती यादी गूगलची सेफ ब्राउझिंगवाली. चूक कधी होते का तर होते, ३१ जानेवारी २००९ ला कोणीतरी त्या यादीत नुसती एक तिरकी रेघ टाकली आणि ती प्रत्येक पत्त्यात असतेच, त्यामुळे पाऊणएक तास गूगलला अख्खं इंटरनेटच घातक वाटत होतं. पण रोजच्यासाठी तिचं ऐकावं.
तिसरा प्रकार "तुमचं कनेक्शन खाजगी नाही", त्याचा व्हायरसशी संबंध नाही, सर्टिफिकेटचा, म्हणजे साइटच्या मुदतीच्या ओळखपत्राचा घोळ असतो. सगळ्याच साइटवर ते यायला लागलं तर आधी घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख मागे जाते आणि सगळी सर्टिफिकेटं चुकीची ठरतात. माझ्याकडे यासाठी पीसी उचलून आणणारे खूप. पण एकाच साइटवर येत असेल आणि ती बँकेची असेल तर पुढे जाऊ नका.

कऱ्हाडकर_९१
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांनी फोन केला नव्हता, आवाजानेच ते वैतागले होते. नोटिफिकेशनच्या यादीत एवढी नावं निघाली की वाचून हसायला आलं, निम्मी तर नुसती आकडे आणि अक्षरं. सगळी उडवली, बॉक्स बंद. बॅटरी पण खरंच गेलेली निघाली 😄 पेपरला जाईताईंनी सांगितलं तसा मेल टाकलाय. फक्त ॲड ब्लॉकर टाकावा का? पेपरवाले म्हणतात बंद करा.

कोथरूडची_जाई
माझा पगार त्याच जाहिरातींतून निघायचा, तरी सांगते, बाबांच्या मशीनवर टाका. क्रोमवर आता यूब्लॉक ओरिजिन या ब्लॉकरची लाइट आवृत्तीच चालते, पूर्ण हवा असेल तर फायरफॉक्स. पेपरबद्दल वाईट वाटत असेल तर वर्गणी भरा, जाहिरातींवर मिळतं त्यापेक्षा त्यांना जास्तच मिळेल.

दुपारची_झोप
जाईताई हे काही पटलं नाही, सगळ्यांनी ब्लॉकर टाकला तर गावाकडच्या छोट्या पोर्टलनी काय करायचं, त्यांच्याकडे वर्गणी कोण भरतं? मी तर विश्वासाच्या साइटना सूट देऊन ठेवतो.

कोथरूडची_जाई
मुद्दा बरोबर आहे, पण विश्वास साइटवर असतो आणि जाहिरात येते भलतीकडून, हाच तर सगळा धागा आहे. छोट्या पोर्टलनी गावातल्या दुकानदाराची जाहिरात स्वतःच्या सर्व्हरवर साधं चित्र म्हणून लावली तर ब्लॉकर बहुधा तिला हात लावत नाही आणि कोणाला ट्रोजनही दिसत नाही.

कऱ्हाडकर_९१
शेवटचं, बाबांच्या फोनवर पण तसंच येतं, तुमच्या फोनमध्ये व्हायरस, बॅटरी खराब होतेय, हे ॲप घ्या वगैरे. तिथे काय?

नाशिकचा_रिपेरवाला
तेच सगळं. टॅब बंद, ॲप घ्यायचं नाही, क्रोममधल्या सूचना तिथेही तपासा. अँड्रॉइड ९ किंवा पुढचा असेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) शोधा आणि तिथे डीएनएस डॉट ॲडगार्ड हायफन डीएनएस डॉट कॉम असं इंग्लिशमध्ये टाका, बऱ्याच जाहिराती फोनपर्यंत पोचतच नाहीत. कुठलं ॲप नाहीतर रेल्वेच्या स्टेशनवरचं वायफाय अडलं तर तेवढ्यापुरतं ऑटोमॅटिकवर आणायचं, हे बाबांना दाखवून ठेवा नाहीतर नेट गेलं म्हणून तुम्हाला फोन येईल.