६४ जीबी पेनड्राइव्ह: २१,८४४ फाइलींनंतर ‘नो स्पेस लेफ्ट’, शिवाय दोन ड्राइव्हवर करप्टेड सेक्टर

कोपरी_कट्टा:
मंडळी, ठाण्यातल्या एका क्लाससाठी ६४ जीबीचे १० पेनड्राइव्ह घेतलेत. मुलांच्या हाती देण्याआधी रगडून तपासतोय. मशीन उबुंटूचं (लिनक्स), फॉरमॅट फॅट३२ (ड्राइव्हवर फाइली मांडायची जुनी पद्धत), कारण झेरॉक्सवाल्याचं जुनं मशीन एक्सफॅट ही नवी पद्धत वाचत नाही.

स्क्रिप्ट एकाच फोल्डरमध्ये ४० केबीच्या ३०,००० फाइली लिहिते. नावं इंग्रजी स्मॉल लेटर्समध्ये, एक्स्टेन्शन धरून २० अक्षरी. प्रत्येक ड्राइव्हवर २१,८४४ फाइली झाल्या की ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. डीएफमध्ये (रिकामी जागा दाखवणारी कमांड) ५० जीबीच्या वर जागा रिकामी दिसते. हे एक.

दुसरं, एफ३राइट (ड्राइव्ह भरून टेस्ट फाइली लिहिणारं टूल) नीट पूर्ण होतं, पण दोन ड्राइव्हवर एफ३रीड (त्याच फाइली वाचून तपासणारं) काही सेक्टर (ड्राइव्हवरचे छोटे तुकडे) ‘करप्टेड’ दाखवतं. सगळे ड्राइव्ह चार पोर्टच्या, अ‍ॅडॅप्टर नसलेल्या यूएसबी हबवर (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा जोड) लावलेत. माल नकली आहे का? दुकानदार ७ दिवसांत बदलून देतो, म्हणून घाई.

ऐरोली_टर्मिनल:
पहिल्या एररचा ड्राइव्हशी काही संबंध नाही. दहाही ड्राइव्ह एकाच आकड्यावर अडतात, तिथेच समजायचं की ही फाइल सिस्टिमची, म्हणजे फॅट३२ ची, मर्यादा आहे.

फॅट३२ मध्ये एका फोल्डरची यादी जास्तीत जास्त २ एमबीची. एक नोंद ३२ बाइटची, म्हणजे ६५,५३६ नोंदी. त्यातल्या दोन ‘.’ आणि ‘..’ खातात, उरल्या ६५,५३४. ८+३ च्या साच्यात (८ अक्षरी नाव, ३ अक्षरी एक्स्टेन्शन) न बसणाऱ्या नावाला एक मूळ नोंद लागते आणि वर दर १३ अक्षरांमागे एक जादा. तुमच्या २० अक्षरांना २ जादा + १ मूळ = ३ नोंदी. ६५,५३४ भागिले ३ करा, २१,८४४ येतात. लिनक्स अशा वेळी ‘जागा नाही’ हाच एरर देतं, आणि माणूस डीएफ बघत बसतो.

उपाय सोपा: दर ५,००० फाइलींना नवा सबफोल्डर. नाहीतर नावं ८+३ मध्ये, कॅपिटलमध्ये ठेवा, म्हणजे एका फाइलीला एकच नोंद. मुलं मराठीत नावं देणार असतील तर मात्र मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं स्वतंत्र अक्षर म्हणून मोजलं जातं. ‘पावती’ ५ भरते. शिवाय देवनागरी नाव कितीही छोटं असलं तरी जादा नोंद लागतेच.

वाशी_सेक्टर९:
दुसऱ्या एररबद्दल. एफ३रीड तीन प्रकारची खराबी वेगळी मोजतं, ती ओळ नीट वाचा. ‘ओव्हररिटन’ म्हणजे सेक्टर शाबूत, पण भलत्याच जागचा. नकली ड्राइव्हची ही मुख्य खूण: कंट्रोलर (ड्राइव्हमधली नियंत्रक चिप) क्षमता फुगवून सांगतो आणि पुढचा डेटा मागच्यावर लिहितो. (काही नकली ड्राइव्ह जादा डेटा सरळ टाकून देतात, तेव्हा ठरावीक फाइलीपासून पुढचं सगळं करप्टेड येतं.) ‘चेंज्ड’ म्हणजे मोजके बिट बदललेले. ‘करप्टेड’ म्हणजे मजकूर ओळखण्यापलीकडे.

तुमच्याकडे तुरळक सेक्टरच करप्टेड असतील तर आधी संशय हबवर. अ‍ॅडॅप्टर नसलेला यूएसबी २ हब पोर्टाला १०० एमए (मिलिअँपिअर, विजेचा प्रवाह) द्यायला बांधील. मदरबोर्डचा पोर्ट ५०० देतो. लिहिताना ड्राइव्ह १०० च्या बराच वर जाऊ शकतो. डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या सिस्टिम संदेशांची यादी) ‘रीसेट’ किंवा ‘आय/ओ एरर’च्या ओळी दिसतात का बघा. मग मदरबोर्डच्या मागच्या पोर्टात थेट लावा, एक्स्टेन्शन केबल नको, एका वेळी एकच ड्राइव्ह.

आता महत्त्वाचं: लगेच पुन्हा लिहू नका. ड्राइव्ह अनमाउंट करून काढा, परत लावा (नाहीतर रॅममधल्या कॅशमधूनच वाचलं जाण्याचा धोका), आणि तोच डेटा दोनदा वाचा. दोन वाचनांत खराब फाइली बदलल्या तर दोष वाचण्याच्या वाटेवर: पोर्ट, हब, रॅम. त्याच राहिल्या तर लिहितानाच बिघडलंय किंवा चिपच खराब. मग दुसऱ्या मशीनवर लिहून तपासा. पुन्हा लिहिल्यावर जागांची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण वेअर लेव्हलिंगमुळे (झीज सारखी वाटावी म्हणून ड्राइव्ह डेटाच्या जागा आपोआप बदलतो) तोच खराब ब्लॉक दुसऱ्या फाइलीत निघू शकतो.

कोपरी_कट्टा:
सबफोल्डर केल्यावर ३०,००० पूर्ण झाल्या. मागच्या पोर्टात एक ड्राइव्ह दोन्ही वेळा स्वच्छ वाचला गेला. दुसऱ्यात दोन्ही वेळा ३७ आणि ४१ नंबरच्या फाइली, सेक्टरचे आकडेही तेच. ओव्हररिटन शून्य.

वाशी_सेक्टर९:
पहिला अजून पास नाही, त्याच पोर्टवर एकदा पूर्ण लिहून वाचा. दुसरा दुसऱ्या मशीनवर लिहा, तिथेही करप्टेड आला तर बदलून घ्या. फॉरमॅट करून ‘ठीक झाला’ म्हणू नका. रिझल्टचा स्क्रीनशॉट बिलाला जोडा, दुकानदार वाद घालणार नाही.

ऐरोली_टर्मिनल:
वेळेचा हिशेब धरा: २० एमबी/सेकंदाने ६४ जीबी लिहायला साधारण ५३ मिनिटं, वाचायचं वेगळं. एफ३प्रोब (त्याच संचातलं झटपट तपासणीचं टूल) लवकर उरकतं, पण त्यातून फक्त नकली क्षमता कळते, अधलामधला खराब ब्लॉक नाही. त्याचा ‘डिस्ट्रक्टिव्ह’ पर्याय ड्राइव्हवरचा डेटा नष्ट करू शकतो. नाव एसडीबी (अख्खा ड्राइव्ह) द्यायचं, एसडीबी१ (त्यातला एक भाग) नाही, आणि आधी एलएसबीएलकेने (जोडलेल्या डिस्कची यादी देणारी कमांड) खात्री करा. एसडीए बहुधा तुमची हार्ड डिस्क असेल.