मदत हवी आहे: आंतरवासिता संपतेय, वर्गाला कधी आणि कसं सांगू?

नमस्कार मंडळी,

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. १६ आठवड्यांची आंतरवासिता (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव) पुढच्या शुक्रवारी संपतेय. सहावीचा वर्ग, ३४ मुलं, गणित माझ्याकडे. पाठ टाचणं (तासांची लेखी आखणी), निरीक्षण वही, सह्या, अहवाल सगळं मार्गी लागलंय. अडलंय ते निरोपापाशी.

वर्गशिक्षक सरांचं म्हणणं असं, की आधी काही सांगू नका. शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला सांगा आणि निघा, नाहीतर आठवडाभर वर्ग हातात राहायचा नाही. सरांचा अनुभव मोठा, वर्गही त्यांचाच. त्यांचा शब्द मला मोडायचा नाही. पण मनाला पटतही नाही. शुक्रवारी दुपारी कळलं आणि सोमवारी मी नाही, तर मधे मुलांच्या मनात जे येईल ते कोणाला विचारतील?

खरी काळजी एका मुलीची आहे. पहिले पाच-सहा आठवडे ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. मग अपूर्णांक आले. बऱ्याच मुलांना एक छेद आठ हा एक छेद चारपेक्षा मोठा वाटत होता, कारण आठ चारपेक्षा मोठे. मी सगळ्यांना एकसारख्या कागदाच्या पट्ट्या दिल्या आणि घड्या घालायला लावल्या. हिने चार भागांच्या पट्टीला आणखी एक घडी घातली आणि आपणहून म्हणाली, "मॅडम, भाग वाढले की तुकडा लहान होतो." वर्गात मी तिचा आवाज ऐकला तो त्या दिवशी. तेव्हापासून रोज काहीतरी सांगायला येते. वर्षभरापूर्वी तिच्या घरातलं एक माणूस अचानक दुरावलं आहे, जास्त तपशील देत नाही. आता मीही अशीच अचानक गेले तर? या विचाराने झोप लागत नाही.

"परत याल ना?" असं मुलं विचारणारच. काय सांगू? आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी लिहायची आहे. चारदा बसले, चार ओळींपुढे गेले नाही.

प्रतिसाद १

सरांची भीती अगदी खोटी नाही. महिनाभर आधी सांगितलं तर मुलं लोंबकळत राहतात. पण शेवटच्या तासाला सांगणं हे दुसरं टोक झालं. चार-पाच शाळेचे दिवस हातात असावेत. सरांनाच विनंती करा, की सोमवारी आपण दोघांनी मिळून सांगू. मुलांना त्यात दोन गोष्टी ऐकू यायला हव्यात: तुम्ही का जाताय (शिकणं संपलं म्हणून, कोणी काही चुकलं म्हणून नाही) आणि पुढच्या सोमवारी गणित कोण घेणार.

त्या आठवड्यात तास हळूहळू सरांकडे द्या. बुधवारपासून सर शिकवतील, तुम्ही मागे बसा. तुमच्या देखत वर्ग पुढे चालतो हे मुलांना दिसू दे.

एक-दोन जण उलट वागतील. गृहपाठ करणार नाहीत, "जा ना मग" म्हणतील. मनाला लावून घेऊ नका. कोणी आपल्याला सोडून जाण्याआधी आपणच पाठ फिरवली तर कमी दुखतं, असं लहान मुलांना वाटतं. रागवू नका आणि अशांना समजावत तर मुळीच बसू नका, नेहमीसारखंच वागा.

प्रतिसाद २

"परत येईन" असं कृपा करून म्हणू नका. तुम्ही विसराल, मुलं विसरत नाहीत. "माझी नोकरी कुठे असेल मला आत्ता माहीत नाही, म्हणून शब्द देत नाही" हे खरं आहे आणि सहावीच्या मुलांना कळतं. स्वतःचा फोन नंबर देऊ नका. वर्गाचा फोटो हवा असेल तर शाळेची परवानगी घ्या, आणि तो कुठेही टाकू नका.

चिठ्ठीत "तू हुशार आहेस, खूप मोठा हो" नको. तुम्ही स्वतः पाहिलेली एकच गोष्ट लिहा, जी दुसऱ्या कोणाच्या चिठ्ठीत चालणार नाही. ज्यांच्याबद्दल काहीच आठवत नाही अशा मुलांपासून सुरुवात करा. अजून काही दिवस आहेत, त्यांच्याकडे नीट बघता येईल.

प्रतिसाद ३

त्या मुलीला सगळ्यांबरोबरच कळू दे. आधी एकटीला सांगितलंत तर ते गुपित तिला सांभाळत बसावं लागेल. नंतर मात्र तिच्याशी वेगळं बोला. आणि ती पट्टी तिला सरांना दाखवायला लावा, तुम्ही शेजारी असताना. सोमवारी रोजचं सांगणं घेऊन ती कोणाकडे जाणार, ते तुम्ही असतानाच ठरलेलं बरं. तिच्या घरचं सरांना माहीत आहे ना, याचीही खात्री करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सरांशी बोलले. त्या मुलीच्या घरचं त्यांना ठाऊक होतं, पण ती रोज माझ्याशी बोलते हे नव्हतं. ते ऐकून जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "सोमवारी पहिल्या तासाला मी सांगतो, तुम्ही शेजारी उभ्या राहा."

रात्री हजेरीपट बघून ३४ नावं लिहिली. सात नावांपुढे काहीच सुचलं नाही. इतक्या आठवड्यांनंतर सात, याचं फार वाईट वाटलं. ती सात नावं वहीच्या पहिल्या पानावर घेतली आहेत, उद्या तासाला आधी त्यांच्या बाकांपाशी जाणार आहे.