व्यसनमुक्तीतल्या काउन्सेलरसाठी ट्रेनिंग, नोकरी सांभाळून कुठे करता येईल? (नाशिक)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी नाशिकमध्ये एका व्यसनमुक्ती केंद्रात काउन्सेलर आहे. एमएसडब्ल्यू झालंय पण कॉलेजात व्यसनावर एखाददुसरं लेक्चर सोडलं तर काही नव्हतं, जे येतं ते सिनियर सरांशेजारी बसून बसून शिकलेय. दारूचे पेशंट असले की जमतं. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले लोक, शिफ्ट सुटली की क्वार्टर, मग घरी भांडणं आणि शेवटी बायकोच हाताला धरून आणते, हे आता पाठ झालंय. पण हल्ली विशीतली पोरं येतात, एमडी (मेफेड्रोनची पावडर), बटन (नशेसाठी घेतलेल्या झोपेच्या गोळ्या), कुणी दोन्ही आणि वरून बियर, त्यांच्यापुढे आमचे ठरलेले चार्ट उघडले की ती फक्त विचारतात मोबाइल कधी मिळेल. २०२३ ला शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला तेव्हा पेपरात गाजलं, आम्हाला मात्र एमडीच्या पेशंटशी कसं बोलायचं ते कुणीच शिकवलं नाही.

परवा एक वडील म्हणाले, मॅडम, पोराच्या अल्प्रॅक्सच्या गोळ्या मी कालपासून एकदम बंद केल्यात, बरोबर ना? अशा चिंतेच्या-झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्याने झटक्यात सोडल्या की फिट येऊ शकते एवढं माहीत होतं म्हणून लगेच डॉक्टरांकडे पाठवलं. पण त्या वडिलांना न घाबरवता हे कसं सांगायचं?

मला पीपीटीवालं ट्रेनिंग नकोय, रोल प्ले करून घेणारं, चुकलं तिथे थांबवणारं हवंय, शक्यतो मराठीत. संस्थेत विषय काढला तर उत्तर काय, शिकलात की सोडून जाता तुम्ही लोक. म्हणजे रजा मिळणार नाही आणि पैसे माझेच.

गोदाकाठचा: ताई, आधी पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला फोन करा. १९८६ पासूनची संस्था आहे, आपल्यासारख्या केंद्रांच्या स्टाफला ट्रेनिंग देतात आणि मुख्य म्हणजे मराठीत. नाशिकहून पुणे सकाळची शिवशाही धरली तरी होतं. तिथे वॉर्डात बसू देतात का तेही विचारा, खरं शिक्षण तिथेच.

सिडकोवाली: रजेचा प्रश्न असेल तर बंगळुरूच्या निम्हान्सचे (मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) काउन्सेलरसाठीचे ऑनलाइन कोर्स बघ, तुझी केस मांडायची आणि तिथले तज्ज्ञ व्हिडिओवर चर्चा करतात. इंग्रजी आहे, पण पेशंटच्या गोष्टी सगळीकडे सारख्याच गं. आणि कोलंबो प्लॅन या आंतरराष्ट्रीय संघटनेचा यूटीसी हा व्यसन-उपचाराचा अभ्यासक्रम कुठे चालू असेल तर सोडू नकोस, त्यात वेगवेगळे नशेचे पदार्थ शरीरात काय करतात इथपासून सुरुवात आहे. पिणं किती धोक्याचं झालंय ते तपासणारी डब्ल्यूएचओची दहा प्रश्नांची ऑडिट टेस्ट तर आजपासूनच वापर, फक्त ती दारूपुरतीच.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. मुक्तांगणला सोमवारी फोन करते. इकडच्या कुणी यूटीसी केलंय का, फी किती पडली? आणि आमच्याकडे केससाठी लॅपटॉप एकच आहे, निम्हान्सचं मोबाइलवर चालतं का?