अनुभव धागा: गोधडीच्या कापडाचा साठा तुम्ही कसा आवरलात?

गोधडी किंवा क्विल्ट शिवणाऱ्याच्या घरी कापड फारसे विकत आणावे लागत नाही, ते आपसूक येत राहते. जुन्या साड्या, धोतरे, शिंप्याकडची कात्रणे आणि 'तुझ्या कामाला येईल' म्हणून कुणीतरी दारात ठेवून गेलेली पिशवी, असे करता करता एक कपाट भरते आणि मग पलंगाखालची जागाही जाते. हा साठा तुम्ही कसा निवडता, कुठे ठेवता आणि काय घराबाहेर काढता, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करते.

पुणे

रंगांप्रमाणे कपाट लावण्याच्या मी विरोधात आहे. तशा घड्या दिसायला सुरेख दिसतात, परंतु गोधडी धुतल्यावर जे प्रश्न उभे राहतात ते बहुधा कापडाच्या जातीचे असतात. न धुतलेल्या नव्या सुती कापडाला टेरिकॉटचा तुकडा जोडला, तर पहिल्या धुण्यात सुती कापड आटते, टेरिकॉट होता तेवढाच राहतो आणि मधल्या शिवणीवर कायमच्या चुण्या पडतात. म्हणून माझे कप्पे सुती, रेशमी आणि मिश्र असे आहेत. हाताला जात कळली नाही, तर कापडाचे दोन-चार धागे चिमट्यात धरून मोरीजवळ जाळून पाहते. सुती धागा जळताना कागद जळल्याचा वास येतो आणि मागे भुरभुरीत राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर आक्रसून वितळतो आणि त्याच्या टोकाशी कडक मणी तयार होतो. लाल, निळे आणि गडद हिरवे नवे कापड धुतल्यानंतरही ओल्या पांढऱ्या फडक्याखाली दाबून ठेवते आणि फडक्याला रंग लागला नाही तरच ते कपाटात जाते. एवढे झाल्यावर प्रत्येक कप्प्यात रंग लावायचे असतील तर जरूर लावावेत.

कोल्हापूर

आमच्या घरी वाकळ शिवतात आणि त्यासाठी कापडाची जात नव्हे, तर ताकद पाहतात. आजीच्या गाठोड्यातले प्रत्येक फडके आम्ही उजेडासमोर धरले, दोन्ही अंगठ्यांनी उभे आणि आडवे ताणले. जे विरले होते ते वाकळीच्या पोटात घालायचे आणि जे टिकले ते पाठीवर लावायचे, असे दोनच ढीग केले. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड, पण ते सगळीकडे सारखे झिजलेले नसते. बसण्याच्या जागी ते जाळीदार होते, पदर बहुतेक वेळा धड राहतो आणि काठ तर मूळ लुगड्यापेक्षा जास्त टिकतात. त्यामुळे काठ आधी उसवून, त्यांची गुंडाळी करून वेगळे ठेवले. वाकळीच्या कडेला त्यांच्यासारखी पट्टी बाजारात मिळत नाही. विरलेले कापड टाकून देण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे, कारण वाकळीला येणारा मऊपणा त्याच कापडातून येतो. धावदोरा दाट घातला की तीन-चार विरलेले थर एकमेकांना धरून राहतात.

डोंबिवली

जागा लहान आणि हवा दमट असल्यामुळे आमच्याकडे प्रश्न वेगळाच आहे. माळ्यावरच्या प्लास्टिकच्या पिशव्यांत पावसाळ्यात ओल कोंडते आणि कापडाला बुरशीचे ठिपके पडतात. आता सुती साठा जुन्या उशांच्या अभ्र्यांत भरून मे महिन्यात ऊन देते आणि ऊन उतरून कापड थंड झाल्यावरच घड्या घालते. साठवायच्या कापडाला खळ ठेवत नाही, कारण कसर खळीवर येते. टाचण्या आणि सेफ्टी पिना तर आवर्जून काढते. गंजाचा डाग कापडातून सहसा जात नाही. जरीचे तुकडे मऊ सुती फडक्यात गुंडाळते, डांबरगोळी त्यांच्या जवळपासही ठेवत नाही आणि घडीची जागा अधूनमधून बदलते, नाहीतर रेशीम नेमके घडीवर चिरते.

न्यू जर्सी

इथल्या क्विल्टच्या दुकानांत कापड यार्डावर मिळते आणि 'फॅट क्वार्टर' म्हणून सुमारे 18 बाय 22 इंचांचे तुकडेही मिळतात. ते छोटे आणि देखणे असल्यामुळे साठा कधी वाढला, हे कळतही नाही. मी मोठे कापड सहा इंच रुंदीच्या पट्टीभोवती गुंडाळून, पट्टी काढून घेऊन उभे ठेवते. सगळ्या घड्या एका मापाच्या झाल्यामुळे आपल्याकडे काय आहे, ते खण उघडताच दिसते. उरलेले तुकडे त्याच दिवशी अडीच इंचांच्या पट्ट्यांत किंवा पाच इंचांच्या चौकोनांत कापते. पाव इंचाची शिवण दोन्ही बाजूंनी गेल्यावर त्यांचे अनुक्रमे दोन आणि साडेचार इंच उरतात आणि हिशेब सोपा होतो. आईच्या साड्या मात्र या मापात बसवत नाही. त्यांचे कापड सैल असल्यामुळे मागून पातळ अस्तर लावल्याशिवाय चौकोन सरळ राहत नाही.

बेळगाव

वरच्या मापांच्या अगदी उलट पद्धत आमच्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या स्त्रियांची आहे. त्या कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कोपऱ्यापासून सुरू करतात, कडेकडेने फिरत मध्याकडे येतात आणि हाताला येईल तो तुकडा कडा दुमडून बसवत जातात. चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी 'फुले' असतात. ते काम पाहिल्यापासून मी चौकोन कापून साठवणे बंद केले. आता माझ्याकडे एक मोठ्या तुकड्यांचे आणि एक लहान तुकड्यांचे अशी दोन बोचकी आहेत आणि त्यापलीकडे कोणतीही वर्गवारी नाही.

सोलापूर

शिंप्याला 'आता कात्रणे नकोत' असे सांगितले. अर्धा साठा तेवढ्यानेच आवरला.

नाशिक

सासूबाईंच्या माघारी त्यांच्या लुगड्यांचे काय करायचे, यावर घरात बरीच चर्चा झाली, कारण नणंदांना प्रत्येकीला आठवण हवी होती, परंतु अख्खे लुगडे ठेवायला जागा कुणाकडेच नव्हती. शेवटी प्रत्येक लुगड्याचा पदराकडचा हातभर भाग काढला, सर्वांच्या गोधड्यांत प्रत्येक लुगड्याचा तुकडा येईल अशी वाटणी केली आणि ज्या साड्यांशी कुणाचीच आठवण जोडलेली नव्हती, त्या बोहारणीला दिल्या. बोहारीण जरीच्या आणि धड साडीवर चांगले भांडे देते, तुकड्यांना मात्र हात लावत नाही. तेव्हा काय शिवायचे आणि काय द्यायचे, हे कात्री हातात घेण्यापूर्वी ठरवावे.