ऐन भीतीच्या जागी लोक हसतात, शॉर्ट फिल्मचं काय चुकतंय?

महालातला_वाडा

भुताची ९ मिनिटांची शॉर्ट फिल्म आहे. नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा, दोन पात्रं, सगळं फोनवर सेकंदाला २४ फ्रेमने शूट. रफ कट (कच्चं एडिटिंग) दहा-बारा जणांना दाखवला. ६ मिनिटं १० सेकंदांवर आरशात बाईचा चेहरा येतो, तिथं लोक दचकायचं सोडून हसतात. चेहरा पावणेदोन सेकंद दिसतो, खालून एलईडी मारलाय, कपाळावर रक्त आहे. आधी २० सेकंद खर्जातली घूं-घूं चढत जाते आणि चेहऱ्यावर व्हायोलिन.

रीशूटला एकच दिवस आहे. नेमकं काय बदलायचं? आणि ग्रुपमधला एक जण म्हणतो, हॉररमधलं सगळं करून झालंय, आता कोणाले भीती वाटत नाही, कॉमेडी करून टाका. खरं आहे का हे?

कानसेन

आधी हसण्याची वेळ बघा. पुढच्या शोला एक फोन प्रेक्षकांकडे तोंड करून लावा आणि ते रेकॉर्डिंग फिल्मशेजारी टाइमलाइनवर ठेवा. लोक आधी दचकले आणि सेकंदभराने हसले, तर सीन चाललाय, कोंडलेली वाफ निघाली एवढंच. दचकलेच नाहीत आणि थेट हसले, तर गडबड आहे.

तुमच्या वर्णनावरून गडबडच दिसते. २० सेकंद चढत जाणारी घूं-घूं म्हणजे लग्नाच्या वरातीआधीचा बँड झाला. काहीतरी येतंय हे सगळ्यांना कळलं, सगळे खुर्चीत सावरून बसले. दचकणं हे मुळात कानाचं काम आहे, आणि कान अचानकपणाला फसतो, नुसत्या मोठेपणाला नाही. चढता आवाज मधेच, चेहऱ्याच्या ३ सेकंद आधी तोडा. आता काही होत नाही असं वाटू द्या आणि मग द्या दणका.

पण तोडून शून्यावर आणू नका. टाइमलाइनवर आवाजच नसला की स्पीकर बंद पडला असं वाटतं. वाड्यातल्या त्याच खोलीत, सगळे गप्प उभे राहून, किमान ६० सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा आणि तो उणे ४० ते उणे ४५ डीबीवर खाली अंथरा. दणक्याचं टोक उणे ३ च्या आसपास ठेवा, शून्याच्या वर गेलं तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज स्वस्त वाटतो. दणका चित्राच्या फ्रेमवरच किंवा एक फ्रेम आधी बसवा. तीन-चार फ्रेम उशीर झाला की मजा गेली.

फोनवर बघणाऱ्यांची गोष्ट वेगळीच. ५० हर्ट्झची घूं-घूं फोनच्या स्पीकरमधून येतच नाही. तोच आवाज दोन-अडीच सप्तकं वर घेऊन, २०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात, त्यात मिसळा. टीव्हीवर 'ऑटो व्हॉल्यूम' किंवा 'नाइट मोड' चालू असेल तर तो बारीक आवाज मोठा आणि मोठा बारीक करतो. तुमचा दणका तिथंच मेला असेल, आधी ते बंद करून परत दाखवा.

व्हायोलिन काढा. सायको सिनेमात १९६० साली संगीतकार बर्नार्ड हरमननं फक्त तंतुवाद्यांवर ते काम केलं, तेव्हापासून जो तो तेच वाजवतोय. दाराची कडी, पितळी परात फरशीवर पडणं, वाड्यातलाच आवाज घ्या.

एकच_बल्ब

चित्राकडून बोलतो. पावणेदोन सेकंद म्हणजे ४२ फ्रेम. तेवढ्यात माणूस घाबरतो, निरखतो, मेकअप ओळखतो आणि हसतो. १० ते १२ फ्रेम ठेवा. मनात चेहरा पूर्ण करायचं काम बघणाऱ्यावर सोडा, तो तुमच्यापेक्षा बरा मेकअप करतो.

हनुवटीखालून उजेड नकोच. कोजागरीला गच्चीवर पोरं टॉर्च धरून हेच करतात, म्हणून हसू येतं. ९ वॅटचा एकच पिवळा बल्ब चेहऱ्याच्या बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर, अर्ध्या मीटरवर ठेवा. जवळ ठेवायचं कारण असं: अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन मीटर मागची भिंत आपोआप काळी पडते. बल्ब लांब नेला की भिंत उजळते आणि चुन्याचे पोपडे, कॅलेंडर, खुंटीवरची पिशवी, सगळं दिसायला लागतं.

फोन ऑटोवर असेल तर अंधार दिसला की तो आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढवतो. चित्र करडं होतं, दाणे नाचतात. एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, आयएसओ ८०० च्या आत ठेवा, शटर १/५० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, १/६० ठेवलं तर काही एलईडींखाली पट्टे सरकताना दिसतात.

रक्त: २०० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज (केकचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं), दोन-तीन चमचे कोमट पाणी, एक छोटा चमचा खाण्याचा लाल रंग, अर्धा चमचा कोको पावडर, निळ्या रंगाचे एक-दोन थेंब. कोको आधी कोमट पाण्यात फेटून घ्या, नाहीतर गुठळ्या राहतात. कोको वगळला तर रक्त रूहअफ्जासारखं आरपार दिसतं. लावायच्या आधी कातडीवर खोबरेल तेलाचं बोट फिरवा, नाहीतर कपाळ दोन दिवस गुलाबी. आणि वाटी झाकून ठेवा, मुंग्या पाच मिनिटांत येतात. तरी माझं मत विचाराल तर रक्त काढूनच टाका. कोरडा, भाव नसलेला चेहरा जास्त वाईट दिसतो. १९७८ च्या हॅलोविन सिनेमातला खुन्याचा मुखवटा म्हणजे बाजारात मिळणारा, स्टार ट्रेकमधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा पांढरा रंगवलेला, बस.

महालातला_वाडा

खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचा म्हणता, पण मे महिन्यात कूलर बंद केला तर नट दहा मिनिटांत घामाघूम. आणि बाजूच्या घराचा कूलर तर आपल्या हातातच नाही. कसं करता मग?

कानसेन

मग कूलरच घ्या ना फिल्ममध्ये! नागपूरकराच्या कानाला एप्रिल ते जून तो आवाज इतका सवयीचा असतो की तो ऐकू येतच नाही. ऐकू येतं ते त्याचं बंद पडणं. लाइट जाते, पंख्याची घरघर सैल होते, पातं आणखी काही वेळ फिरत राहतं, जाळीला कुठंतरी घासून टक, टक, दोन टकांमधलं अंतर वाढत जातं. पंप थांबलेला असतो, पण गवताच्या ताट्यांमधून टाकीत थेंब पडतच राहतात. मग तेही थांबतात. तुम्हाला हव्या असलेल्या ३ सेकंदांच्या शांततेची वाट अशी नैसर्गिकपणे काढता येते आणि घूं-घूं बनवायची गरजच उरत नाही.

रेकॉर्ड करताना मात्र तुकडे वेगळे घ्या: फक्त पंखा, फक्त पंप, बंद होतानाचा पूर्ण उतार, थेंब. फोन कूलरच्या वाऱ्यात धरू नका, माइकवर नुसती फडफड येते. बाजूने, हातभर लांब. संवादाच्या वेळी कूलर बंद, दोन-दोन मिनिटांचे टेक, मधे चालू. बाजूच्या घराची घरघर संवादात आली तरी चालते, वर आपली घरघर टाकली की ती त्यात विरते.

पऱ्हाटी

कॉमेडी करा म्हणणाऱ्या भाऊला सांगा, तुंबाड २०१८ ला आला तेव्हा बेताचाच चालला, २०२४ ला परत लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. भीती संपली नाही, उसनी भीती संपली. पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी साधारण १५ हजार डॉलरमध्ये दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात झाला. स्टँडवर कॅमेरा, झोपलेलं जोडपं, उघडं दार. हॉरर टिकतो त्याचं एक रोकडं कारण हेच आहे, त्याला मोठा नट लागत नाही, बघणाऱ्याला रोज दिसणारी जागा लागते. कॉमेडीला तर उलट टायमिंगचे पक्के नट लागतात, ते कुठून आणता?

'लपाछपी' या मराठी हॉरर सिनेमात ऊस आहे म्हणून आपल्याकडेही लोक ऊस शोधत हिंडतात. मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्रात ऊस शोभतो. इकडे काटोल-कळमेश्वरकडे संत्र्याची बाग घ्या. झाडं साधारण ६ बाय ६ मीटरवर, उभ्या-आडव्या-तिरप्या सगळ्या रांगा सरळ. मधे उभं राहून गोल फिरलं की चारही बाजू सारख्याच. फांद्या खालपर्यंत आलेल्या, माणसाचे फक्त पाय दिसतात. चकवा लागतो म्हणतात तो दाखवायला यापेक्षा सोपी जागा नाही: एका झाडाला ओढणी बांधा, पात्र सरळ चालत जातं, कट, समोर तीच ओढणी. तिसऱ्या खेपेला गाठ सुटलेली. एवढ्यात काम होते, मेकअप शून्य.

एकच_बल्ब

चकव्याची आयडिया जबरी आहे, पण यांच्याकडे एकच दिवस आणि वाडा ठरलेला. वाड्यातही हेच होतं: ओसरी, माजघर, चौक, परत ओसरी, आणि दर फेरीला कोनाड्यातला दिवा एका कोनाड्याने पुढे सरकलेला. आरशाआधी असे दोन फेरे टाका, ४० सेकंद पुरे. आणि ९ मिनिटांत दणका एकच ठेवा. दुसरा ठेवायचाच असेल तर खोटा, आणि तो आधी. १९४२ च्या कॅट पीपलमध्ये पाठलाग शिगेला पोचतो आणि फिस्स करून येते ती नुसती बस.

महालातला_वाडा

ठरलं. व्हायोलिन आणि रक्त बाद, चेहरा १२ फ्रेम, कूलर आत. बाग पुढच्या फिल्मला. पऱ्हाटी भाऊ, कापसाच्या शेतात जमेल का तो चकवा?

पऱ्हाटी

नाही जमत. पऱ्हाटी कमरेला लागते, माणूस लपत नाही. मधे तुरीच्या ओळी असतात त्या घ्या, नोव्हेंबर-डिसेंबरात डोक्याच्या वर जातात. संक्रांतीच्या आत उरका, मग तूर कापतात.