विल्यम्सटाउनचं गवताच्या गंजीचं स्मारक आणि आपलं नगर, खरंच काही संबंध आहे का?

मुक्काम_न्यूजर्सी
नमस्कार मंडळी. लेक यंदा विल्यम्स कॉलेजला लागली, तिला सोडायला गेलो होतो. मॅसॅच्युसेट्सच्या पार वायव्य कोपऱ्यात डोंगरांच्या मधे एवढंसं गाव, गाव म्हणजे कॉलेजच म्हणा, आणि मेन रस्त्यावर ते पांढरंशुभ्र उंच मनोऱ्याचं काँग्रिगेशनल चर्च. सामान लावून झाल्यावर पाय मोकळे करायला निघालो तर झाडीत एक संगमरवरी खांब, दोन पुरुष उंच असेल, वर पृथ्वीचा गोल आणि खाली कोरलेली गवताची गंजी!! 'शेत हे जग आहे' अशा अर्थाचं बायबलमधलं वाक्य, पाच नावं आणि १८०६. मी फोटो काढून सासूबाईंना पाठवला (त्या नगरच्या, मिशनच्या शाळेत शिकलेल्या), तर त्यांचा लगेच फोन, "अगं आमच्या शाळेचं मूळ तिथंच आहे." आता त्यांचं वय बघता मी हो हो म्हटलं, पण खरं आहे का हे? त्या चर्चनेच माणसं पाठवली का?

वेशीबाहेरचा
ताई, सासूबाई बरोबर आहेत. आमचं घर चार पिढ्या नगरच्या मंडळीतलं (मंडळी म्हणजे चर्चचा समाज), त्यामुळे ही गोष्ट लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकलेली. ऑगस्ट १८०६, शनिवार, कॉलेजची पाच पोरं रानात प्रार्थनेला जमलेली, तेवढ्यात वादळ आलं, विजा कडाडायला लागल्या म्हणून गंजीच्या आडोशाला शिरली. वर्गात आशियाचा भूगोल चाललेला, त्यावरून विषय निघाला की तिकडे मिशनरी पाठवायचे का. सॅम्युअल मिल्स म्हणाला पाठवायचेच. हार्वी लूमिस म्हणाला आधी सैन्य जाऊन देश जिंकू दे, नाहीतर मारून टाकतील :) तो शेवटपर्यंत देशातच राहिला.

पण चर्चने पाठवली नाहीत, पोरांनीच उद्योग केला. १८०८ मध्ये कॉलेजात गुप्त मंडळ काढलं, त्याची घटनासुद्धा सांकेतिक लिपीत, कारण लोक वेड्यात काढतील ही भीती. मग १८१० मध्ये परदेशी मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड निघालं आणि १८१२ मध्ये पहिली तुकडी जहाजावर चढली. त्यात विल्यम्सचाच गॉर्डन हॉल होता. कलकत्त्यात कंपनी सरकारने हाकललं, तो आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोचले, तिथेही परत पाठवायचा हुकूम, हे दोघे गलबतातून कोचीनला पळाले, धरून परत आणले, अर्जावर अर्ज केले तेव्हा कुठे राहू दिलं. नगरला मिशनचं ठाणं १८३१ मध्ये आलं, मंडळी १८३३ मध्ये.

हॉलचा शेवट मात्र वाचवत नाही. १८२६, नाशिक-त्र्यंबकला पटकीची साथ, हा जवळची औषधं वाटत हिंडला, परतीच्या वाटेवर स्वतःला लागण झाली तेव्हा पिशवीत फारसं काही उरलंच नव्हतं. एका देवळाच्या ओसरीवर प्राण सोडला. सोबत फक्त इथलीच दोन पोरं.

टीपकागद
गोष्ट छान आहे, पण थोडं पाणी ओततो. गंजीखालच्या पाचांपैकी बोर्डाचा मिशनरी म्हणून परदेशी फक्त जेम्स रिचर्ड्स गेला, तोही सिलोनला. मिल्स कधी हिंदुस्थानात आलाच नाही, १८१८ मध्ये आफ्रिकेहून परतताना समुद्रात वारला. हॉल तर गंजीखाली नव्हताच. आणि जागा कुठली ते दाखवलं त्यातल्याच बायरम ग्रीनने १८५४ मध्ये, म्हणजे ४८ वर्षांनी आठवून, तिथे देवदारी खुंटी ठोकली, त्यावर १८६७ मध्ये हा खांब. माझ्या घरची शनिवारची चावी मला रविवारी सापडत नाही. तुम्ही पाहिलेलं पांढरं चर्चही तेव्हाचं नाही बरं का, विटांच्या इमारतीला १९१४ मध्ये तो जुना पेहराव चढवलाय.

माझ्या मते धर्मांतराच्या हिशोबाने ही मोहीम सुरुवातीची कित्येक वर्षं जवळजवळ रिकामीच होती. उरलं ते छापखान्यात. मुंबईचा अमेरिकन मिशन प्रेस, त्यातून १८२६ मध्ये मराठी नवा करार. आणि खरी गंमत पुढे आहे, त्याच छापखान्यात एक पोरगा लहानपणी टाइप घासायला लागला, जावजी दादाजी. त्यानेच पुढे निर्णयसागर छापखाना काढला. म्हणजे आपल्या संस्कृत पोथ्यांच्या त्या सुबक अक्षराचं शिक्षण मिशनऱ्यांच्या दुकानात झालेलं, हे सोवळ्यातल्या माझ्या आजोबांना सांगायची हिंमत नाही झाली.

वेशीबाहेरचा
@टीपकागद छापखान्याचं मान्य, पण मंडळीला रिकामी म्हणू नका राव. १८४२ मध्ये नगरहून ज्ञानोदय हे मिशनचं नियतकालिक निघालं, पुढे टिळकांनी (नारायण वामन) त्यात लिहिलं, त्यांची भजनं आम्ही अजून टाळ-मृदंगावर म्हणतो. गंजीतून एवढं निघालं तरी पुष्कळ की.

पाटीपेन्सिल
शाळेचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. सिंथिया फरार, ही विल्यम्सटाउनची नव्हे, न्यू हॅम्पशायरची, पण पाठवली त्याच बोर्डाने. १८२७ मध्ये एकटी मुंबईत आली, लग्न न झालेली बाई एकटी सातासमुद्रापार, त्या काळी त्यांच्यातसुद्धा हे आक्रीतच. १८३९ मध्ये नगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. मित्र गोवंड्यांबरोबर नगरला गेलेल्या जोतीराव फुल्यांनी तिच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात शाळा काढली. स्मारकावर पाच पुरुषांची नावं आहेत, ते ठीक, पण सासूबाई ज्या बाकावर बसल्या तो बाक या बाईचा.

मुक्काम_न्यूजर्सी
सगळ्यांचे आभार! काल रात्री फोनवर सगळं वाचून दाखवलं. हॉलचं ऐकून बराच वेळ बोलल्या नाहीत. लूमिसवर मात्र खूप हसल्या, म्हणाल्या प्रत्येक कमिटीत एक असतो. फरार बाईंचं नाव त्यांना पाठ होतं, वर मलाच विचारलं, "तुला इतकी वर्षं माहीत नव्हतं?" लेकीचं हॉस्टेल मिशन पार्कातच, म्हणजे खांब आहे तिथेच आहे, थँक्सगिव्हिंगला जाईन तेव्हा खांबाच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय ते बघून इथे टाकते.