'निमगोरा' म्हणजे नेमका किती गोरा?

पाटीपेन्सिल : धाकट्या बहिणीसाठी वधू-वर सूचक मंडळाचा अर्ज भरतेय. 'वर्ण' या रकान्यात चारच पर्याय आहेत: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. आई म्हणते निमगोरा, बहीण स्वतः म्हणते सावळा आणि आत्या म्हणते, "गव्हाळ लिही गं, त्यात सगळं बसतं." निमगोरा आणि गव्हाळ यांत जास्त उजळ कोण? आणि पुढच्या रकान्यात अपेक्षा म्हणून सगळे 'सुस्वरूप' लिहितात, ते नक्की कुणाला म्हणायचं?

दौतटाक : 'निम' फारसीतून आला, अर्थ अर्धा. निमसरकारी, निमशहरी, तसाच निमगोरा. उरलेला अर्धा कोणता, ते शब्द सांगत नाही. 'निमकाळा' कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही, म्हणजे मोजायला सुरुवात गोऱ्याच्या टोकापासून. गव्हाळ म्हणजे गव्हाच्या रंगाचा. पण खपली गहू लालसर, शरबती पिवळसर, तेव्हा आत्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. वापरात मात्र क्रम ठरलेला दिसतो: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा.

जुना उपसंपादक : क्रम ठरलेला आहे, पण शब्द एका जागी थांबत नाही. मी एका जिल्हा दैनिकात छोट्या जाहिरातींच्या टेबलावर होतो. 'वधू पाहिजे' आणि पोलिसांकडून येणारी 'बेपत्ता' ही निवेदनं एकाच ट्रेमध्ये पडत. बेपत्ताचा मजकूर साधारण असा: 'उंची ५ फूट २ इंच, बांधा मध्यम, रंग सावळा, चेहरा उभट, नाक बसके, केस काळे, अंगात हिरव्या रंगाची साडी.' तिथे 'काळा' असतो, 'अंगाने जाड' असतं, समोरचे दात पुढे असले तर तेही असतं, कारण एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला ती ओळखू यायला हवी. शेजारच्या लग्नाच्या कॉलमात मात्र बसकं नाक कुणाचंच नसे. पोलिसांचा सावळा तिथे गव्हाळ होई, गव्हाळाचा निमगोरा आणि निमगोऱ्याचा थेट 'गोरापान'. वर्णन देणारे बहुतेकदा दोन्हीकडे आईवडीलच. त्यामुळे निमगोरा किती गोरा, याचं उत्तर कोणत्या कॉलमातला त्यावर ठरतं. बेपत्तामधला असेल तर त्यावर भरवसा ठेवावा.

केवडा : सुस्वरूपबद्दल. कोशात बघाल तर सुंदर रूप असलेली, विषय संपला. पण जाहिरातीत 'गोरी, सुस्वरूप' असं असेल तर तो भरतीचा शब्द, आणि नुसतंच 'सुस्वरूप' असेल तर मुलगी गोरी नाही असं आमच्या घरी सरळ धरलं जायचं. मराठीत असे शब्द बरेच आहेत: नाकीडोळी नीटस, तरतरीत, चुणचुणीत, अलीकडे 'स्मार्ट'. यांच्या अलीकडे एक 'पण' असतो, लिहिलेला किंवा गिळलेला. 'रंगाने सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस हो!' गोऱ्या मुलीला 'स्मार्ट' म्हणणारी मध्यस्थ बाई मला अजून भेटायची आहे. ही तयारी पाळण्यापासून सुरू होते. कानाची पाळी बघून 'हाच रंग राहणार बरं का' असं सांगणारी एक तरी बाई प्रत्येक बारशाला येते.

टाळमृदंग : सावळ्याला एवढं कमी का लेखता? संस्कृत श्यामल, त्यातून सावळा. पंढरपूरचा विठोबा सावळा, तुकोबांचं 'सावळें सुंदर रूप मनोहर' आपण सगळेच म्हणतो.

केवडा : म्हणतो ना. म्हणून तर 'सावळा' हा सौम्य शब्द झाला आणि काळ्या मुलीला सावळी म्हणायची सोय झाली. देवाचा रंग कुणी अर्जात भरायला सांगत नाही.

दौतटाक : जाता जाता, गोरेपणालाही जुन्या मराठीत वरची मर्यादा होती. 'पांढरीफटक' ही काही स्तुती नव्हे, आणि चेहरा 'गोरामोरा' होतो तो ओशाळल्यावर.

शेजारची रेवा : 'उजळ'ची चर्चा राहिली. 'उजळ माथ्याने फिरणे' आणि 'तोंड काळं करणे' या दोन टोकांमध्ये रंग आणि अब्रू आधीच जोडलेली होती, जाहिरातवाल्यांना आयतीच मिळाली. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली. तिच्या वेष्टनावर फिक्या होत जाणाऱ्या चेहऱ्यांची पट्टी असायची. मी शाळेत असताना ती गालाला लावून आपला नंबर कितवा ते बघायचो. निमगोरा, गव्हाळ निदान सैल शब्द होते, त्या पट्टीने त्यांना घरं आखून दिली. पुरुषांसाठी फेअर अँड हँडसम २००५ चं. तोवर पुरुषाचा रंग 'रापलेला' असायचा, म्हणजे बिचारा उन्हात राबतो. शेतात राबणाऱ्या बाईला मात्र कुणी कौतुकाने रापलेली म्हणत नाही. वेष्टनावरची पट्टी २०१९ मध्ये गेली. २०२० मध्ये नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं, त्याच वर्षी शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगाची चाळणी काढली. आता जाहिरातीत तेज, निखार, ग्लो. 'गोरी' हा शब्द गेला, जाहिरातीतल्या मुलीचा रंग आहे तोच आहे.

पाटीपेन्सिल : 'बांधा' हाही रकाना आहे. 'सडपातळ' वर खूण करा असं मंडळातल्या बाईंनी फोनवरच सांगितलं, बहिणीला न बघता!

जुना उपसंपादक : 'बारीक' बघा कसा फिरला. आमच्या लहानपणी 'किती बारीक झालीस!' यापुढे 'जेवत नाहीस का?' ठरलेलं असायचं. आता पुढे 'काय करतेस? कुठलं डाएट?' येतं. मराठीत बारीक होण्याची क्रियापदं बघा: रोडावणे, वाळणे, खंगणे, झडणे. सगळी आजारपणाची नाहीतर काळजीची. आनंदाने बारीक होण्याला क्रियापदच नाही. जाड होण्याला उलट 'अंगावर मूठभर मांस चढलं', 'तब्येत सुधारली'.

शेजारची रेवा : शेलाटी, शिडशिडीत, चवळीची शेंग हे कौतुकाचेच शब्द आहेत की.

जुना उपसंपादक : विशेषणं आहेत, मान्य. पण ती जन्मजात बांध्याची. कुणी 'मी तीन महिन्यांत शेलाटी झाले' म्हणत नाही. ते करून दाखवायचं काम २००८ च्या सुमारास आलं, करीना कपूरच्या 'झिरो फिगर'च्या बातम्या मराठी पेपरांतही रोज असत. भाषांतर आम्हाला सुचलं नाही, तसंच छापलं.

तांबडी माती : आमच्या कोल्हापुरात तालमीतल्या पोराला 'कमावलेलं शरीर' म्हणत्यात. पोट असलं तरी चालतंय, कुस्तीत वजन कामाला येतंय. जिममधलं पोरगं 'बॉडी बनवतं', त्याला कट्स पायजेत. कुस्ती खेळत नाही, फोटो काढतंय. वस्ताद त्याला 'वाळलेला' म्हणतो, आणि ते पोरगं आमच्या पैलवानाला 'सुटलेला'.

केवडा : मग 'काय मेन्टेन केलंय स्वतःला!' यातल्या मेन्टेनला मराठी शब्द द्या बघू कुणीतरी.

दौतटाक : 'राखणे' जवळचा. पण 'अंग राखून असते' म्हटलं की कामचुकार ठरेल. मेन्टेनच राहू द्या.